पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

आदरणीय थोरल्या भगिनी अनारकुल एजे,

धाकट्या सुयुनबेकचा वाकून सलाम. तुमचे गुडघे, तुमचा रक्तदाब आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट, तिघांची प्रकृती कशी आहे? (खरं तर लिफ्टची चौकशी आधी करायला हवी होती, बाकी दोघांचं भवितव्य तिच्याच हातात.) इकडे कोचकोरला आम्ही खुशाल. गाय व्यायली, नुरझातने बटाटे काढून तळघरात भरले. पत्राचं कारण एवढंच, की आपली वेबसाइट नऊ दिवस आजारी होती.

तुम्हाला ठाऊकच आहे, निवृत्तीनंतर गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी, आठवणी, वंशावळी ठेवायला मी ती उभारली, आणि परक्याच्या दारी कशाला म्हणून आपल्याच घरात, खिडकीपाशी, जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली. अचानक कोणालाच आत जाता येईना. नाव लिहा, पासवर्ड लिहा, बटण दाबा, की पुन्हा तेच कोरं पान. 'चुकलं' असंही म्हणेना. बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे चूक समोरच्याचीच असणार, असं मी धरून चाललो. मेंढपाळ तुर्दुबाय आजोबा घोड्यावर बसून तक्रार घेऊन आले. मी म्हणालो, पासवर्ड विसरलात. ते म्हणाले, "बायकोचं नाव आहे ते. विसरलो असतो तर आजवर जगलो असतो का?" तरी मी तो बदलून दिला. परिणाम एवढाच झाला, की पासवर्डमधून आपलं नाव काढलंच कसं म्हणून त्या आजी माझ्याशी बोलत नाहीत. मग मी चाळीस जणांचे पासवर्ड बदलले, कॉम्प्युटर सहा वेळा बंद करून सुरू केला, शेवटी स्वतःचाही पासवर्ड बदलला आणि मीही बाहेर राहिलो. नुरझात जाता जाता म्हणाली, "स्वतःच्या घरातल्या पेटीने ज्याला हाकललं, असा नवरा गावात माझाच."

जे पहिल्या दिवशी करायचं ते मी नवव्या दिवशी केलं. यंत्र स्वतःची रोजनिशी लिहितं, ती उघडून वाचली. हजारो ओळी, सगळ्यांत एकच: जागा नाही. डिस्क काठोकाठ भरली होती. आलेल्या माणसाची ओळख पटत होती, पण तो आत आला हे टिपून ठेवायला जागा नव्हती. म्हणून यंत्र त्याला लगेच विसरे आणि पुन्हा नाव विचारी. माणसंही अशी असतात का, यावर मी थोडा वेळ विचार केला. मग जागा कोणी खाल्ली ते शोधलं.

एजे, इथून पुढे लिहायला अवघड जातंय. जागा तुम्ही खाल्लीत. चौऱ्याण्णव चित्रफिती, तुमच्या स्वयंपाकघरातल्या. वेबसाइटवर पाठवल्यावर 'सर्वांना दाखवा' हे दुसरं बटण दाबायचं असतं, ते तुम्ही कधीच दाबलं नाहीत, म्हणून त्या एकाही माणसाला दिसल्या नव्हत्या. पुसण्याआधी पाहावं म्हणून मी एक लावली. (दुसऱ्याचं असं पाहू नये, माफ करा.) "सुयुनबेक, ऐक," अशी सुरुवात, दोन मिनिटं पावसापाण्याचं बोलणं, आणि पुढे पाऊण तास तुम्ही गाजरं सोलताय, फोन बंद करायचा राहून गेलाय. दुसऱ्या एका फितीत तुम्ही चहाचे दोन वाडगे मांडता, आणि जरा वेळाने एक उचलून ठेवता. मी दर रविवारी फोन करतो तेव्हा तुम्ही 'मजेत आहे' म्हणता. मी ते बत्तीस वर्षं शिकवलेल्या मास्तरासारखं, उत्तर बरोबर आहे असं समजून, पुढे जात आलो.

एकसष्टाव्या फितीत तुम्ही म्हणालात, "गावी यावंसं वाटतं रे. पण नुरझातच्या संसारात सत्तरीची नणंद म्हणजे चुलीत ओलं लाकूड." त्या वेळी नुरझात माझ्या मागेच उभी होती. ऐकून ती धाकट्या खोलीतली बटाट्याची रिकामी पोती बाहेर काढू लागली.

आपला,
सुयुनबेक

ता. क. मी काहीच पुसलं नाही. मोठी डिस्क आणून बसवली. सगळ्यांना आता आत जाता येतं.

ता. क. २. शुक्रवारी आमचा शेजारी ट्रक घेऊन बिश्केकला तुमच्याकडे येतोय. सामान कमीच ठेवा. नुरझात सांगते, ओलं लाकूड वाळवायची सोय तिच्याकडे आहे.

ता. क. ३. वर 'सगळ्यांना' लिहिलं ते खरं नाही. तुमचं खातं मी मुद्दाम बंद ठेवलंय. पासवर्ड आठवत बसू नका, बरोबर असला तरी चालणार नाही. जे सांगायचं असेल ते इथे येऊन सांगा.