हललेल्या अंगठ्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कमरेतूनच, गुडघ्यातून वाकलं की उठवायला माणूस लागतो). तुझी सांधेदुखी, भावजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरून होणारी तुमची भांडणं, सगळं यथास्थित असेल असं धरून चालतो. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. गेल्या रविवारी चाळीस मिनिटांत माझ्या वाट्याला तीन वेळा "हं" आलं, आणि हल्ली कामावर तर तेवढंही मिळत नाही.

तीस वर्षांत मी अकरा वेळा न्यायाधीश झालो, डॉक्टर किती वेळा झालो ते मोजणं सोडून दिलं, आणि नायिकांचा बाप इतक्यांदा झालो की खऱ्या लेकीच्या लग्नात व्याही मंडळी मला "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय" म्हणत होती. लोकांना माझा चेहरा पाठ आहे, नाव एकालाही येत नाही. परवा दवाखान्याच्या रांगेत एका बाईंनी मला ओळखलं आणि सासूबाईंचं ऑपरेशन तुम्हीच बिघडवलंत म्हणून चारचौघांत फैलावर घेतलं. मी मुकाट्यानं माफी मागितली. (ते मालिकेतलं असेल असं सांगितलं असतं तर कुठल्या मालिकेतलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते मलाच आठवेना.)

हल्लीचं काम तू रोज सातला बघतेसच. घरातले थोरले, जिन्यावरून पडून बेशुद्ध, आठ महिने झाले. भूमिका मोठी आहे, सगळं घर तुमच्याभोवती फिरतं, असं सांगून मला घेतलं. घर खरोखरच माझ्याभोवती फिरतं, मी मात्र आडवा. नायिका छातीवर डोकं टेकून रडते (तिच्या केसांतल्या पिना टोचतात), सून उशाशी उभी राहून कट रचते, आणि मधल्या वेळात दिवेवाले माझ्या पोटावर चहाचे कप ठेवतात, कारण तिथं दुसरं टेबल नाही. दिग्दर्शक माझ्या निम्म्या वयाचा. आठ महिन्यांत त्यानं मला अभिनयाबद्दल एकच सूचना केली: काका, श्वास जरा कमी घ्या.

आणि मग तो अंगठा. एक दिवस नायिका रडत असताना पांघरुणाबाहेर राहिलेल्या माझ्या पायावर माशी बसली. मी सोसलं. नायिका रडून गेली, सून आली, तिनं सबंध मृत्युपत्र बदलण्याचा बेत मोठ्यानं बोलून दाखवला, तरी सोसलं. शेवटी अंगठा हलला, तोही एवढासा. तिथं कुणाला दिसला नाही, पण घरोघरच्या लोकांना दिसला, आणि आठवड्याभरात चॅनेलकडे पत्रांचा ढीग पडला. मग बैठक झाली, लेखकाला नुसत्या अंगठ्यावर तीन भाग लिहावे लागले, अंगठा तपासायला डॉक्टर आणला (तोही मीच केला असता, पण आडवा होतो), आणि लेखकानं मला बाजूला घेऊन दोन पानं हातात ठेवली. थोरले शुद्धीवर येतात आणि सगळ्या घराला सुनावतात. दोन पानं, ताई! तीस वर्षांत मला सलग इतकं कुणी बोलू दिलं नव्हतं, तुला धरून. मी ती आंघोळ करताना पाठ केली, आरशासमोर केली, तुझ्या भावजयीसमोर केली. आता मी पहिला शब्द उच्चारला की ती स्वयंपाकघरात निघून जाते.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण अंतिम बैठकीत कुणीतरी ढिगातलं एक पत्र मोठ्यानं वाचलं: "या माणसाला उठवा, नाहीतर एकदाचं सोडवा. सख्ख्या भावासारखा वाटतो. रोज असा पडलेला बघवत नाही." म्हणे सगळ्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी दोहोंतलं सोपं ते निवडलं. मला उठवायचं तर दोन दिवसांचं चित्रीकरण, सोडवायला एक दुपार पुरते. तर पुढच्या आठवड्यात मी जातो. माझी काही तक्रार नाही. कुठं थांबावं हे नटाला कळलं पाहिजे, आणि मला नाही कळलं तर इतरांना कळतं. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, अजून श्वास घेणारा,
धाकटा

ता. क. त्या पत्राखाली नाव नव्हतं. पण दिग्दर्शकानं ते मला दाखवलं. वहीचं आखीव पान, निळी शाई, आणि समासात "तातडीचे" असं लिहून खाली दोन रेघा. शाळेत असताना आईच्या नावानं माझे रजेचे अर्ज तूच लिहायचीस, ते असेच. रागावलो नाही. (रागावलो होतो. दोन दिवस.) तर आता हातातलं काम ठेव आणि आजच दुसरं पत्र लिही. या खेपेला फक्त "उठवा" एवढंच लिही, त्या लोकांना पर्याय देऊ नकोस. भावजींकडूनही एक लिहून घे, शेजारणीकडूनही.

ता. क. २. राहू दे, लिहू नकोस. नायिकेला सुट्टी हवी होती म्हणून आज दुपारीच उरकलं. एका फटक्यात झालं. शेवटच्या श्वासाला सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला डोळे उघडता येत नव्हते. गुरुवारी दाखवतील. तू बघू नकोस, तुला सोसायचं नाही. सातला टीव्ही बंद कर आणि मला फोन लाव. ती दोन पानं अजून पाठ आहेत, सहा मिनिटं लागतात. तुझ्या वाट्याला तीन "हं" ठेवले आहेत.