बोगद्याचा धूर

२५ सप्टेंबर १९१८, लोणावळा

रजा मिळाली एकदाची! स्टेशनमास्तर कुरकुरले — मालधक्क्यावरचे निम्मे हमाल तापाने आडवे, आणि कारकुनालाच गावाला जायचंय? म्हटलं, बहिणीला आणायचंय. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला हवं. गंगीला सातवा सरत आलाय. आठवा लागला की सासरची माणसं तिला वेशीबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत.

पितृपक्षात लेक आणावी का, असं आईला विचारलं. म्हणाली, "पक्ष तर पक्ष. माझी पोर मला हितं पायजे." रेवदंडा तिला कधी पटलंच नाही. बजरंग इथे रेल्वेत फिटर होता, बाबांच्या मनात भरला, आणि मावळची पोर समुद्रकाठी दिली. आता बाबा नाहीत. बजरंग लढाईच्या कामावर समुद्रापार बसऱ्याला. गंगी सासूपाशी एकटी.

घसा खवखवतोय. काल गाडीने कर्जतला जाऊन आलो, घाटातल्या बोगद्यांचा धूर बसलाय. या गावात कोण खोकत नाही! आईने गूळ दिला.

२७ सप्टेंबर, मुंबई, भाऊचा धक्का

आगबोट मिळाली नाही. लढाईला नेल्यात म्हणतात. शेवटी एका मचव्यावर जागा मिळाली. कौलं, साखरेची पोती आणि आम्ही चार माणसं. मचव्याचा तांडेल कोंडाजी, म्हातारा, बोलायला कवडीचुंबक. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शिडाजवळची जागा सोडून पार मागे बसवलं. का, विचारलं तर दोर ओढायला निघून गेला. असेल, घाटावरचा माणूस आहे, ओकेल म्हणून.

अंग मोडल्यासारखं झालंय. मुंबईत जिकडे तिकडे तिरड्या. बघवत नाही.

२८ सप्टेंबर, मचव्यावर

ओकलो. पाच वेळा! डोकं फुटतंय, अंगात कणकण. या समुद्राला पायच नाहीत, उभं राहायचं कुठे?

संध्याकाळी रेवदंड्याचा तट दिसला. जुना फिरंग्यांचा कोट, काळा, अर्धा ढासळलेला, मागे नारळीपोफळींची दाटी. गाव एवढं जवळ की चुलींचा वास येत होता. तरी मचवा खाडीच्या तोंडाशीच थांबला — ओहोटी. भरतीशिवाय आत जाता येत नाही म्हणे. आमच्याकडे सिग्नल पडला की गाडी आत. इथे पाण्याची मर्जी! संतापाने खोकला आवरेना.

२९ सप्टेंबर, रेवदंडा

गंगी! पोट एवढं मोठं, आणि चेहरा तोच, आठ वर्षांच्या पोरीचा. मला बघून रडली, मग हसली, मग आईने दिलेला लसणीच्या चटणीचा डबा हिसकावून घेतला. रात्री माझ्याच ताटात जेवायला बसली, लहानपणी बसायची तशी. माझ्या भाकरीचा काठ मोडून खाल्ला. सासूबाई, अंबूबाई, नुसत्या बघत होत्या.

इथे तापाचं नाव नाही. मुंबईचं सांगितलं तर शेजारीपाजारी गोष्ट ऐकायला बसावं तशी बसली. मलाही बरं वाटतंय. कणकण गेली, खोकला तेवढा राहिलाय. अंबूबाईंनी आल्याचा काढा दिला. म्हणाल्या, "हा खोकला कसला?" म्हटलं, बोगद्याचा धूर. त्यांनी आयुष्यात बोगदा पाहिलेला नाही. समजावून सांगितलं.

३० सप्टेंबर

बोलणं काढलं. अंबूबाई ठाम — पक्षात लेक हलवायची नाही. बरं, पक्ष संपला की आठवा. म्हणजे नाहीच! त्यावर म्हणतात, गाडीच्या गावाला रोग गाडीने येतो, इथे कोण येतंय? पोरगी इथेच सुखरूप राहील, सुईण घरासारखी आहे.

मी चिडलो. बोलू नये ते बोललो. म्हटलं, आमच्याकडे लेकीचं बाळंतपण करायची ऐपत आहे, तुमच्यावर भार नको. ओटीवर चार माणसं बसली होती, सगळ्यांनी ऐकलं. अंबूबाईंचं तोंड उतरलं. हळूच म्हणाल्या, "न्या."

जिंकलो.

१ ऑक्टोबर

कोंडाजीचा मचवा परवा पहाटेच्या वाऱ्यावर सुटेल. गंगी बाळंतविड्याची बोचकी बांधतेय. दुपारी तिच्याबरोबर तटावर गेलो. तिथे एक तोफ वाळूत रुतून पडलीय, तिच्यावर बसून गंगी रोज बसऱ्याच्या दिशेला बघते. दिशा बरोबर आहे का, मला विचारलं. मला कुठली ठाऊक! म्हटलं, हो, तीच.

२ ऑक्टोबर

अंबूबाई पडल्या. ताप, खोकला. नेमका आजच! गंगी म्हणते, यांना टाकून कशी येऊ. मी सांगितलं, हे सोंग आहे, तुला अडवायचं. शेजारची बाई त्यांच्याकडे बघेल. गंगी रागावून त्यांच्या उशाशी जाऊन बसली, उरलेली बोचकी मीच बांधली.

३ ऑक्टोबर, मचव्यावर

निघालो. अंबूबाई दारापर्यंत भिंत धरून आल्या. गंगीला कुंकू लावलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. सोंग नव्हतं ते.

संध्याकाळी गंगीला थंडी वाजली. दोन घोंगड्या घातल्या तरी थांबेना. समुद्र लागला असेल. मलाही लागला होता.

४ ऑक्टोबर

वारा पडलाय. शीड नुसतं लोंबतंय. गंगी तापाने फणफणलीय, खोकल्याबरोबर लाल फेस येतोय, ओठ निळे पडत चाललेत. कोंडाजीला ओरडलो — वल्ही मार, कुठेही लाव, डॉक्टर बघ! त्याची माणसं सकाळपासून वल्हवतच होती, हाताला फोड आलेत त्यांच्या.

मी म्हटलं, तुझ्या मचव्यावरच्या पाण्याने झालं हे. तो चिडला नाही. म्हणाला, "भाऊ, रेवदंड्याच्या बंदरान पयला खोकला तुमचा व्हता. म्यां तुमाला मागं बसवला, पन उतरवला नाय. तेवडा माजा गुना."

मी त्याची गचांडी धरली. त्याच्या माणसांनी सोडवलं. धूर आहे तो! सगळ्या लोणावळ्याला असतो!

रात्री गंगीने विचारलं, आईने पाळणा कुठे टांगलाय? म्हटलं, खिडकीजवळ.

५ ऑक्टोबर, अमावास्या

गंगी पहाटे गेली. पोटातलं नंतरही थोडा वेळ हलत होतं. माझा हात तिथेच होता.

मांडव्याजवळ, कोंडाजीच्या गावापाशी, किनाऱ्याला लागलो. लाकूड मिळेना. कोंडाजीने वाळूत उलटी पडलेली आपली जुनी होडी फोडायला दिली. ओली फळकुटं पेटेनात. त्या धुरात मी उभा राहिलो. डोळ्यांना पाणी आलं, पण खोकला आला नाही. तेव्हा पहिल्यांदा शंका आली.

७ ऑक्टोबर, मुंबई

रेवदंड्याची एक होडी धक्क्याला लागलीय. तिच्यातल्या माणसाला अंबूबाईंचं विचारलं. गेल्या. शेजारची, त्यांच्याकडे बघणारी, तीही. त्या आळीत घरोघर ताप आहे म्हणाला. मी कोण, ते त्याला सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, लोणावळा

आई दारात उभी. रोजच उभी राहत असणार. एका हातात भाकरतुकडा, एका हातात तांब्या, लेकीवरून ओवाळायला. माझ्या मागे बघत होती. मला खोकल्याची उबळ आली.

"बोगद्याचा धूर लागला व्हय रे? ये, आत ये."

मी अंगणातच थांबलो. म्हटलं, आई, जवळ येऊ नकोस. धूर नव्हता तो.