सायकालची बादली

बालिक्ची,
९ ऑक्टोबर

चि. एर्मेक यास,
तुझ्या एकुलत्या एक थोरल्या बहिणीचे, एजेचे आशीर्वाद. वि. वि.,

माझा जर्दाळूचा मुरंबा संपत आला आहे. ही बातमी उभ्याउभ्या वाचू नकोस, बसून घे. ऑगस्टमध्ये चौदा बरण्या भरल्या होत्या. त्या मार्चपर्यंत पुरतात, हे आईच्या काळापासून ठरलेलं आहे. आज ऑक्टोबरची नऊ तारीख, आणि फळीवर तीन बरण्या. इतका मोठा अन्याय या घरावर आजवर झाला नव्हता.

झालंय असं, की हल्ली माझ्याकडे माणसं भांडायला येतात. फोनवरच्या बाजारात कुणीतरी ‘बुरुलचाचं उबदार घर’ नावाचं दुकान मांडलंय. तेलाचे हीटर, बेचाळीसशे सोमला एक. खाली नाव माझं, पत्ता माझा, नंबरही माझा. हीटर मिळत नाही तेव्हा माणसं पत्त्यावर येतात आणि दार बडवतात. मी उघडते. लांबून आलेल्या माणसाला चहा, पाव आणि मुरंबा ठेवल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि माझा पाव तोंडात असताना त्यांना शिव्या देता येत नाहीत. त्यात पुन्हा कुणी रिकाम्या हाताने येत नाही. चोल्पोन-आताच्या एका बाईने आधी गोड गोळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली आणि मग मला चोर म्हटलं.

मंगळवारी कोचकोरहून सायकाल नावाची बाई आली, दोन गाड्या बदलून. सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्या खोलीसाठी मेंढी विकून हीटर मागवला होता. खोक्यात निघाल्या चार विटा. त्यातली एक तिने पुरावा म्हणून आणली होती, आणि दुसऱ्या हातात लोण्याची पत्र्याची बादली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि आधी कशाबद्दल बोलावं ते तिला सुचेना. मग जराशी रडली. वीट मी ठेवून घेतली आहे. बादली परत करायची आहे.

फोन दिवसभर शिव्या देतो, म्हणून तो बंद करून पिठाच्या डब्यात टाकलाय. म्हणून हे पत्र, मामीर ड्रायव्हरच्या हाती. चौकीतला इन्स्पेक्टरही येऊन गेला, तोच ज्याने सहावीत माझ्या वाचनालयातून नेलेलं पुस्तक अजून परत केलेलं नाही. म्हणाला, एजे, मी काय करू, कागदावर तुम्हीच आहात, महिनाअखेर खटला तुमच्याच नावावर चढेल. आणि खटला चढलेल्या बाईच्या हातात वाचनालयाच्या किल्ल्या कोण ठेवणार? ओळखपत्राची प्रत कुणाला दिली होती, असंही त्याने विचारलं. आठवत नाही म्हटलं.

माझी डावी दाढ ठणकते. तिच्यासाठी जमवलेले पैसे तसेच आहेत, डिसेंबरात तिकडे येऊन तिचा निकाल लावीन. तुझ्या ओट्याचं काम कुठवर आलं? वसंतात माझ्या अंगणातून विटा नेल्या होत्यास, म्हणून विचारते.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर साखर पाठव.

तुझी
बुरुलचा एजे

*

बिश्केक,
१३ ऑक्टोबर

ती. बुरुलचा एजेस,
एर्मेकचा सलाम. वि. वि.,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. जमानाच वाईट. हल्ली चोर लोक कुणाचंही नाव कुठूनही उचलतात. इन्स्पेक्टरला हेच सांग, तो ऐकेल, तुझा मान ठेवणारा आहे.

इकडे सगळं ठीक. नाझगुलला शिवणकामाचं काम मिळालंय, पोरींना खोकला आहे. ओटा अर्धा झाला, आता थंडीनंतरच. पाच किलो साखर मामीरकडे देतो आहे. तू त्या लोकांना घरात घेऊ नकोस, आणि चहा तर मुळीच देऊ नकोस, सवय लागेल. ती वीट तेवढी फेकून दे. घरात कशाला ठेवायची असली वस्तू? दाढेची काळजी घे. वीट आठवणीने फेक.

आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
एर्मेक

*

बालिक्ची,
१५ ऑक्टोबर

चि. एर्मेक यास,
आशीर्वाद आहेत, मोजून. वि. वि.,

साखर पोचली. एका पानाच्या पत्रात तू मला दोनदा वीट फेकायला सांगितलंस आणि दाढेची चौकशी एकदाच केलीस. मी दाढ असते तर रुसले असते.

वीट खिडकीत आहे. तिच्यावर कुत्र्याचा पंजा उमटलाय. तू सहा वर्षांचा होतास, बाबांनी विटा पाडून अंगणात वाळत घातल्या होत्या, आणि आपला बोइनोक त्या ओल्या विटांवरून तोऱ्यात चालत गेला. आपल्याला वाटलं बाबा त्याला मारतील. ते हसत खाली बसले आणि पंज्यांसकट विटा भाजल्या. असे पंजे अख्ख्या देशात आपल्याच अंगणात आहेत, एर्मेक. सायकालने ती वीट टेबलावर ठेवली तेव्हाच मी ओळखली. नऊ तारखेचं पत्र तुला स्वतःहून सांगायला एक वाट ठेवून लिहिलं होतं. तू साखर पाठवलीस.

आता ऐक. गुरुवारी, चोवीस तारखेला, दुपारी मी त्या सगळ्यांना चहाला बोलावलंय. इन्स्पेक्टरही येईल. घरातल्या धाकट्याने चहा ओतायचा, हे तुला सांगायला नको. आलास तर तू ओतशील. न आलास तर मी ओतीन, आणि इन्स्पेक्टर पुढे करील त्या कागदावर सहीही मीच करीन. नाव माझं आहेच, नुसती सही उरली आहे.

लोभाचं गुरुवारी बघू.

बुरुलचा

*

बिश्केक,
१९ ऑक्टोबर

ती. एजेस,
सलाम. वि. वि.,

पहिले तीस हीटर खरे होते. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. पुढच्या साठांचे आगाऊ पैसे मी बाजारातल्या घाऊकवाल्याला दिले आणि तो एका सकाळी कुलूप लावून गेला. जुन्या कर्जामुळे बँक माझ्या नावाने खातं उघडू देत नाही, म्हणून दुकान तुझ्या नावावर काढलं होतं. दोन महिन्यांचं काम आहे, एजेला कळणारही नाही, असं वाटलं. मग नव्या माणसांच्या पैशातून जुन्यांचे परत करायला लागलो. पार्सलचं वजन पोस्टात नोंदलं गेलं की फोनवरचे बाजारवाले पैसे सोडतात, म्हणून खोक्यात वजन हवं होतं. विटा भरताना पंजे दिसले होते. तेवढ्या बाजूला ठेवाव्यात असं मनात आलं, पण घाई होती.

आज नोवोसिबिर्स्कला निघणार होतो. तिकीट खिशात आहे. नाझगुलला यातलं काही ठाऊक नाही. त्या माणसांसमोर कुठलं तोंड घेऊन बसू, तेवढं सांग.

लोभ मागत नाही.

एर्मेक

*

बालिक्ची,
२ नोव्हेंबर

सौ. सायकाल यांस,
बुरुलचाचा सप्रेम सलाम. वि. वि.,

सासूबाईंना सोडून तुम्हाला गुरुवारी येता आलं नाही, म्हणून हकीगत लिहिते. माझा भाऊ आला. दारात बूट काढायलाच त्याला पाच मिनिटं लागली.

चहा ओतायला बसला आणि पहिलाच प्याला काठोकाठ भरला, म्हणजे आपल्या रीतीने पाहुण्याला ‘आता उठा’ म्हटल्यासारखंच. तो नेमका त्यूपहून आलेल्या म्हाताऱ्या आजोबांच्या हातात. सगळे त्या प्याल्याकडे बघत राहिले. आजोबांनी प्याला परत सरकवला आणि म्हणाले, पोरा, आत्ता तर टेकलोय, इतक्यात घालवून देतोस होय? दोघं-तिघं हसले. मग त्याने किटली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं, विटांसकट. मी मदत केली नाही. इन्स्पेक्टरच्या कागदावर त्याने स्वतःच्या नावाने सही केली.

सगळं गोड झालं असं समजू नका. चोल्पोन-आताच्या बाईंनी चहाला हात लावला नाही आणि तक्रार मागे घेतली नाही. त्यांचं बरोबर आहे. डिसेंबरात तो कोर्टात उभा राहील. त्याची बायको नाझगुल पोरींना घेऊन माहेरी गेली आहे. त्याने गाडी विकायला काढली आहे आणि परतफेडीची यादी केली आहे. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे ते आधी, असं सगळ्यांनीच ठरवलं. त्या यादीत तुमचा नंबर नववा, म्हणजे एप्रिल उजाडेल. वाचनालयाने मला कोर्टाचा निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलंय, पगाराशिवाय. बसायची सवय नाही, पण जमेल.

कोचकोरला एप्रिलपर्यंत थांबण्यासारखी थंडी नसते, हे मला माहीत आहे. तुमची बादली मामीरच्या भावाकडे देते आहे. बादली रिकामी पाठवायची आमच्याकडे रीत नाही, तुमच्याकडेही नसेल. वर जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी आहे, या सालची शेवटची. बरणीच्या खाली पिशवीत गुंडाळून काही ठेवलंय, ते सासूबाईंच्या खोलीसाठी. याबद्दल एर्मेकला कळवू नका. यादीतून त्याने तुमचं नाव खोडता कामा नये, आणि त्याचे पैसे आले की ते मेंढीसाठी ठेवा.

लोणी फार चांगलं होतं. डावी दाढ ठणकते म्हणून हल्ली मी उजव्या बाजूनेच चावते, पण लोण्याला चावावं लागत नाही.

इकडून कधी गेलात तर दार वाजवा. आमचा लोभ तुमच्या दारी उधार आहे, तो राहू द्या.

तुमची
बुरुलचा