राखेतली टाच

वस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मेहकरच्या शाळेत मधल्या सुट्टीत, समोर डबा न उघडता ठेवून, मी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचता यायचं नाही. दुकानात आलेलं कुठलंही पत्र तुम्ही माझ्यापुढे सरकवायचात आणि कापसाचं पिंजण चालू ठेवून ऐकायचात. म्हणजे हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग मी यातलं निम्मं गाळलं असतं. मला चांगलं ठाऊक आहे, गाळलंच असतं. माझ्यापुढे एक फॉर्म आहे. रविवारी बुलडाण्याला जिल्ह्याची लाठी-काठीची स्पर्धा आहे. त्यात माझ्या एका मुलीचं नाव जोडीच्या लढतीत ठेवायचं की खोडायचं, ते आज चार वाजायच्या आत ठरवायचं आहे. दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं.

मुलगी दहावीतली. हात असा चालतो की काठी दिसतच नाही, नुसता वारा लागतो. डोकं, खांदा, कंबर, पाय, अशी चार वारांची जोड ती चुटकीसरशी मारते. पण दुसऱ्या वाराला तिची मागच्या पायाची टाच टेकते. जराशीच टेकते, पण अंग तिथे बसतं, आणि खांद्यावरचा वार एका श्वासाने मागे पडतो. एकटीने करायचं असतं तर मी पोटात घालून गप्प बसले असते, परीक्षकांच्याही लक्षात येत नाही. पण जोडीत समोरची मुलगी तालावर अडवते. वार वेळेवर आला तर तिच्या काठीवर बसतो. उशिरा आला तर तोवर तिची काठी कमरेकडे निघून गेलेली असते आणि खांदा, कान, कानशील सगळं उघडं. तिची जोडीदार आठवीतली, अंगाने काडी, जाड भिंगाचा चष्मा. लढतीच्या वेळी चष्मा काढून ठेवते. तिला वार दिसत नाही, वस्ताद. ती मनात आकडे मोजते आणि माझ्या मुलीवर विश्वास ठेवते.

हा उशिरा येणारा वार तुमच्या मनगटावर बसला होता, माझ्या हातून. लोणारला तुमच्या गादी-रजईच्या दुकानामागच्या अंगणात, मी नववीत असताना. तुम्ही काठी खाली ठेवलीत, मनगट दुसऱ्या हातात धरलंत आणि माझ्या हाताकडे न बघता पायाकडे बघितलंत. "काऊन वं, टाच काऊन टेकली? बसाले आली का उभी राहाले?" एवढंच. मग आठवडाभर तुम्ही डाव्या हाताने कापूस पिंजत होता आणि गिऱ्हाईक विचारायचं तर सांगायचात की म्हातारपण आलं. मी दुकानासमोरून जायची वाट सोडली आणि सरोवराकडच्या रस्त्याने लांबून शाळेत जायला लागले. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या कंडक्टर वडिलांना स्टँडवर गाठून निरोप दिलात की पोरीला म्हणावं राख तयार आहे.

ती राख. तुमच्या घरच्या, म्हणजे आमच्या चाचींच्या चुलीची, चाळून घेतलेली, सारवलेल्या जमिनीवर हाताने पसरलेली. त्यावर उभं राहून जोड मारायची आणि बाजूला व्हायचं. मग तुम्ही उकिडवे बसून नुसती जमीन बघणार. पंजे उमटले पाहिजेत, टाच उमटता कामा नये. "काठी तं कोनाची बी चालते, मले पाय दाखव." तुमच्याकडे शिकणाऱ्या आम्हा चौघी मुलींच्या चार जागा, चार राखा. भांडी घासायला राख उरायची नाही म्हणून चाची दारातून ओरडतात, "भांडे काय आता पोरींच्या टाचेनं घासू?" आणि तुम्ही हसू दाबून म्हणता, "घास ना, ह्या पोरीची टाच लय मजबूत हाय." माझ्याकडे बोट. बाकीच्या तिघी हसतात. मीही हसते, पण त्यांच्याकडे न बघता, कारण तिघींची राख स्वच्छ आणि माझ्या राखेत दर वेळी तो गोल ठसा, भाकरीवर बोट दाबल्यासारखा.

तुमचा नियम साधा होता. चारही वार वेगात आणि राखेत टाच नाही, तर वस्ताद स्वतःची एक काठी देणार. काठी मिळाली की त्या मुलीने पुढे शिकवायला हरकत नाही. मी खेळशिक्षणाच्या कॉलेजला जायला निघाले तेव्हा बाकीच्या तिघी लग्न होऊन गेल्या होत्या आणि काठी न मिळालेली मी एकटीच राहिले होते. सावकाश केलं तर माझी टाच उमटायची नाही. वेग घेतला की उमटायचीच. आणि त्या वर्षी तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पायांचे ठसे तुम्ही बोटांनी चाचपून बघायला लागला होता.

आता पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही. निघायच्या आदल्या सकाळी, तुम्ही यायच्या आत मी अंगणात गेले, राख पसरली आणि एकेक पंजा हळूच, जपून, रांगोळीचे ठिपके ठेवावेत तसा ठेवला. तुम्ही आलात. मी राखेच्या शेजारी साध्या जमिनीवर उभी राहून पूर्ण वेगात जोड मारली, काठीचा आवाज तुम्हाला ऐकू जाईल अशी. मग तुमचा हात धरून तुम्हाला राखेपाशी नेलं. तुम्ही बसलात. पहिला पंजा चाचपलात, दुसरा, तिसरा. तिसऱ्यापाशी तुमचं बोट पंजाच्या मागे थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं. माझी पाचावर धारण बसली होती. मग तुम्ही उठलात, गुडघे झटकलेत, आत जाऊन तेल पाजलेली, मुठीपाशी काळी पडलेली तुमची काठी आणलीत. "घेऊन जाय. पाय राह्यले थोडे, ते हे काठी शिकवन." मला वाटलं, तुमची बोलायची पद्धतच तशी, पूर्ण शाबासकी तुम्ही कुणालाच दिली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत मी परत आले तेव्हा तुम्ही गेला होतात, दुकानाला कुलूप होतं आणि चाची त्यांच्या भावाकडे गेल्या होत्या.

त्यानंतर मी राख कधी काढली नाही. खाई त्याला खवखवे. मुलींना खडूच्या रेघांवर शिकवत आले, खडूच्या रेघा काही बोलत नाहीत. पण या मुलीची टाच बघून गेल्या पंधरवड्यात मी पहिल्यांदा राख आणली, शाळेच्या खिचडीच्या चुलीतली. रोज तोच गोल ठसा. आणि आज सकाळी मी मैदानावर पोचले तर ती आधीच येऊन बसलेली. म्हणाली, "झालं मॅडम, आज जमलं. एकटीनंच मारलं, पाहा." बघितलं तर चार सुरेख पंजे, टाचेचा मागमूस नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला माझी ती सकाळ दिसली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण आडातलं पोहऱ्यात येतं म्हणतात तसं काहीतरी माझ्यातून तिच्यात गेलं असणार.

काय करावं ते सुचेना म्हणून मी चपला काढल्या आणि शेजारच्या कोऱ्या राखेवर तिच्यासमोर पूर्ण वेगात जोड मारली. या वयात, साडीचा काष्टा खोचून. बाजूला होऊन दोघी वाकलो. माझी टाच होती, नववीतल्यासारखीच. पण त्याहून दुसरं काहीतरी दिसलं आणि मी तशीच खाली बसले. माझ्या प्रत्येक पंजाच्या मागे राखेचा एक बारीक बांध उठला होता. पाय वेगाने सुटतो तेव्हा मागे राख ढकलतो, म्हणून. तिच्या पंज्यांच्या मागे काही नव्हतं, सपाट. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लगेच कळतं. मी फिरवून बघितलं, वस्ताद. तिसऱ्या पंजाच्या मागे तुमचं बोट काय शोधत होतं ते मला आज सकाळी पावणेसात वाजता कळलं. तुम्हाला त्याच क्षणी समजलं होतं. आणि तरी तुम्ही आत जाऊन काठी आणलीत.

काऊन? तुमच्याच बोलीत विचारते. रागवला का नाहीत? उद्या जाणाऱ्या मुलीला रिकाम्या हाताने कशी पाठवू, असं वाटलं? की मनगटावर मार खाल्लेल्या माणसाला ठाऊक होतं की पुढचा मार दुसऱ्या कुणाला बसेल, आणि तो चुकवायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत? मला माहीत नाही. या न माहीत असण्याची मला आता भीती वाटते, कारण मी त्या काठीवर तीसेक मुली तयार केल्या आहेत.

मुलगी मात्र माझ्या राखेकडेच बघत होती. "मॅडम, तुमची बी टाच उमटली." मी म्हटलं, हो. "मंग तुमच्या वस्तादनं तुम्हाले पास कसं केलं?" मी म्हटलं, घंटा झाली, वर्गात जा. घंटा झाली नव्हती.

तिच्या बापाचं पंक्चरचं दुकान आहे, रविवारी ते बंद ठेवून तो बुलडाण्याला येणार आहे. ती माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. तरीही मी आत्ता, हे लिहिता लिहिता, लढतीतून तिचं नाव खोडलं आहे आणि एकटीच्या प्रात्यक्षिकात घातलं आहे. शाई अजून ओली आहे. सुट्टी संपली की तिला बोलावून आधी माझ्या त्या सकाळचं सांगणार आहे, तिच्या सकाळचं नंतर. मी पास झाले नव्हते, हे वाक्य तोंडातून कसं निघतं ते बघायचं.

हा कागद तुमच्या काठीभोवती गुंडाळून कपाटात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. फक्त एक गोष्ट तिलाही सांगणार नाही. त्या वर्षी तुमची नजर गेली, राखेतलं आता दिसत नाही, असं चाचींनी मला दारात सांगितलं, तेव्हा मी तोंडावर हात ठेवला आणि त्या रडायला लागल्या म्हणून मीही रडले. पण त्याच्या आधी, अगदी आधी, मला हायसं वाटलं होतं.