आखरावरचे खांब

पिपरी मेघे
३ डिसेंबर २०२५

ती. कुंदनदादास,
सा. न. वि. वि.

सिमेंट ओलं होतं आणि मंगरूमामांनी ढोरं आखरावर आणली. एक खांब मी धरलेला, दुसरा मोहिनीने, आणि मधून सगळ्या हिंगणीची जनावरं. एका म्हशीने अंग घासलं आणि माझा खांब कलला तो कललाच. तू ओट्यावर बसून हसलास. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते.

मोहिनी माझी कर्णधार होती. देशासाठी खेळलेली बाई. निवृत्तीनंतर आमच्याच क्लबने आम्हा दोघींना हे काम दिलं: गावोगाव बास्केटबॉलचे खांब रोवायचे, मुलींना शिकवायचं. ऑफिसला इथलं, पिपरी मेघेचं मैदान हवं होतं. मी हट्टाने आपली हिंगणी मागून घेतली. जागाही मीच निवडली. तिथली जमीन टणक आहे, चेंडू सरळ उसळतो. आता खांब सरळ करायला माणूस मिळत नाही. मामांना जरा समजाव. वहिनींना नमस्कार, रीनाला पापा.

लोभ आहेच, थोडी मदतही असावी.
तुझी चंचल


हिंगणी
७ डिसेंबर

चि. चंचल,
अ. उ. आ.

जमीन टणक काऊन आहे, हे तुले आठवलं नाई? आखर आहे तो, गावची ढोरं रोज सकाळी तिथंच गोळा होतात, मग मामा त्यायले रानात नेतात. खुरांनी तुडवून टणक झालेली जमीन ती. लहानपणी तू तिथंच शेण वेचत होती. शहरात गेली अन् तुले तिथं मैदान दिसलं.

मामाले विचारलं. म्हणाले, पोरगी नावाजली तशी तिची नजर गेली. पण ऐकलं त्यायनं. सकाळी ढोरं, संध्याकाळी पोरी, असं ठरलं. पोरी शेण झाडून खेळून राह्यल्या. खांब कललेलाच आहे. आपली रीना आता डावीकडं झुकूनच चेंडू टाकते, अन् जातोही आत. अल्लीपूरच्या पोरी आल्या तर त्यायले आपल्या रिंगमध्ये एकही टाकता येणार नाई, असं ती गावभर सांगत फिरते. मोहिनीताईले म्हणजो, म्हशीवर राग धरू नका.

रागावली तरी माया कमी करू नको.
कुंदन


पिपरी मेघे
१२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऑफिसने फोटो पाहिले. मागे शेण दिसतं म्हणाले. आता त्यांना खाली सिमेंट हवं, त्यावर क्लबचं नाव. रविवारपर्यंत गावाने होकार दिला नाही तर खांब उपटून पिपरी मेघेला आणणार. मोहिनी त्यांच्याशी भांडली. आम्ही मातीवरच शिकलो, असं तिने सांगितलं. त्यावर तिला चहा दिला, आणि ताईंनी उद्घाटनाला तेवढं यावं, बाकी ऑफिस बघेल, असं कळवलं. गाडीत ती म्हणाली की खेळत होतो तेव्हा निदान बाकावर बसलो तरी कोच सल्ला विचारायचा.

दादा, अर्ध्या आखरावर सिमेंट होऊ दे. अर्धा ढोरांना राहील. इथल्या मुलींना मैदानं आहेत, शिकवणारे आहेत. तिथल्या मुलींना हे दोन खांब आहेत.

तुझ्या शब्दाला गावात वजन आहे, ते एकदा माझ्यासाठी वापर.
चंचल


हिंगणी
१४ डिसेंबर

चि. चंचल,
अ. उ. आ.

सभा झाली. मामा म्हणाले, सिमेंटवर खूर टिकत नाई. धुरपताकाकू समोरच बसली होती. मागल्या साली तिची गाय सिमेंटच्या रस्त्यावर घसरली, पाय मोडला, ते तुले ठाऊक आहे. सिमेंटसाठी एकही हात वर झाला नाई. माझाही नाई. माझ्या घरी गाई आहेत, पोरगीही आहे. रीना आता माझ्याशी बोलत नाई.

मले एक सांग. तुमच्या क्लबले माती काऊन चालत नाई? तू विचारलं का कोणाले?

लोभाचं पुढं पाहू. आधी उत्तर दे.
कुंदन


पिपरी मेघे
१५ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विचारलं. माती फोटोत बरी दिसत नाही, असं उत्तर आलं. मी राजीनामा लिहिला. मोहिनीने तो फाडला. आपण दोघी गेलो तर बाकीच्या गावांतही कोणी शिकवणार नाही, म्हणाली.

गाडी बुधवारी सकाळी येईल. मी येणार नाही. इथे खड्डे खणून घ्यायला मलाच ठेवलं आहे. चेंडू कोणी परत मागितलेले नाहीत. ते मुलींकडेच राहू देत.

रागव, पण लिहीत राहा.
चंचल


हिंगणी
१६ डिसेंबर

चि. चंचल,
अ. उ. आ.

चेंडू ठेवले म्हणतं तू. रिंग नाई तर चेंडू घेऊन काय करतीन पोरी? आज अंधार पडेपर्यंत खेळल्या. मामा ओट्यावर बसून पाहत होते. त्यायले काही म्हणू नको. तुलेही मी काही म्हणत नाई.

घरी ये कधी. खांब नसले तरी ये.
कुंदन

ता. क. १७ डिसेंबर. सकाळी गाडी आली. मामानं आखर गाडीले मोकळा ठेवला, ढोरं रस्त्यावरच अडवून धरली. माणसं दोनच होती, खांब जड. त्यायले उचलता येईना. मग पोरींनी हात लावला अन् दोन्ही खांब गाडीत चढवून दिले.