पाण्यात न लागलेला गिअर

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
गोदातीर कूपनलिका मंडळ,
औरंगाबाद.

विषय : मंडळाच्या परदेशी ट्रकचा 'लो' गिअर पाण्यात उभा करून तपासण्याबाबत.
संदर्भ : अर्जदारास बडतर्फ करणारा आपला आदेश, मार्च १९९४.

महोदय,

अर्जदार मुंजाबा मल्हारराव शिंगाडे, राहणार गारखेडा, हा मंडळाकडे ट्रकचालक होता. 'होता' हा शब्द आपल्या आदेशातील असून अर्जदाराने तो तसाच ठेवला आहे.

१. विद्यापीठाच्या नामविस्तारानंतर जानेवारीत बोरवस्तीवरील दलितांची घरे पेटवण्यात आली. सांडू नावाचा इसम भाजून तेथे पडला होता. वाकी नाल्यात कालव्याचे पाणी सुटलेले असल्याने रुग्णवाहिका अलीकडेच थांबली आणि मंडळाचा ट्रक मागवण्यात आला. कारण चारही चाकांना जोर देऊन चिखलातून गाडी ओढून काढणारा 'लो' गिअर त्यालाच आहे. हा गिअर दांड्याने नव्हे, बटणाने लागतो.

२. पलीकडच्या चढाच्या तोंडाशी चाके जागीच फिरू लागली. शिकवल्याप्रमाणे अर्जदाराने गाडी थांबवली, न्यूट्रलला आणली, क्लच दाबून बटण दाबले. दिवा लुकलुकत राहिला; गिअर लागला नाही. इंजिन बंद करून पुन्हा तेच केले. फ्यूज काढून, सदऱ्याला पुसून बसवला. दिवा लुकलुकतच राहिला. शेवटी अर्जदार कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेला. सांडूस बाजेवर घालून चौघांनी पाण्यातून आणले. त्यांतला एक खांदा अर्जदाराचा होता. रुग्णवाहिकेत ठेवण्यापूर्वीच सांडू गेला.

३. चौकशीत उपअभियंता काकासाहेब यांनी तोच ट्रक मंडळाच्या शेडमध्ये, सिमेंटवर तपासला. बटण दाबताच गिअर लागला. गाडी निर्दोष ठरली, आणि गाडी निर्दोष म्हणजे चालक दोषी. निष्कर्ष असा निघाला की, अर्जदाराच्या गावाचा नामांतरास विरोध होता, सबब त्याने बटण मुद्दामच दाबले नाही. गावाचा विरोध होता हे खरे आहे. अर्जदाराचे सख्खे चुलते विरोधाच्या मोर्चात पुढे होते, हेही खरे आहे. परंतु नाल्यात गाडी चुलते चालवत नव्हते.

४. उस्मानपुऱ्यातील मिस्त्री अप्पाराव यांचे म्हणणे पडले, "गिअर सरकवणारी मोटर गाडीच्या पोटाखाली असती. तिच्या वायरीच्या जोडात पाणी शिरत असंल. वाळली की पुन्हा चालती." हे खरे की नाही, अर्जदारास ठाऊक नाही. म्हणूनच ट्रक पाण्यात उभा करून पाहावा, एवढीच विनंती त्याने चौकशीत केली. काकासाहेब म्हणाले, "येडा झालास व्हय? एवढी महागाची गाडी पाण्यात घालून खराब करायची?" मरणाऱ्यास आणण्यासाठी जी गाडी पाण्यात घालता आली, ती खरेखोटे पाहण्यासाठी घालता येत नाही, हे अर्जदाराच्या बुद्धीस अद्याप उमगलेले नाही.

५. अर्जदाराची पत्नी बानाबाई म्हणते, "वाळूजला रोज नवा कारखाना निघायलाय. कुठं बी काम मिळंल, सोडा नाद." काम मिळेलही. परंतु अर्जदार सांडूच्या विधवा लक्ष्मीबाई यांना भेटावयास गेला होता. त्यांनी पाणी दिले आणि विचारले, "खरं सांग भाऊ, बटण दाबलं व्हतंस का?"

"व्हय, आक्का."

"मग सायबाच्या हातानं लागतंय, तुझ्याच हातानं का नाय लागलं?"

अर्जदार पाणी न पिताच परतला.

६. सबब, हा अर्ज नोकरी परत मागण्यासाठी नाही. लक्ष्मीबाईंना नाल्यावर बोलवावे. ट्रक त्याच पाण्यात, त्याच चढाला उभा करावा. आपल्या विश्वासाचा चालक बसवून बटण त्याच्या हाताने दाबावे. गिअर लागला, तर आदेशातील प्रत्येक अक्षर अर्जदार मान्य करील. न लागला, तर तसे लक्ष्मीबाईंना आपण स्वतः, तिथेच, तोंडाने सांगावे.

कालव्याचे पाणी या महिनाअखेरीस बंद होत आहे. नाला आटल्यावर गाडी पुन्हा निर्दोषच ठरेल.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार
(सही) मुंजाबा मल्हारराव शिंगाडे
औरंगाबाद, एप्रिल १९९४