डाव्या हाताचं मधलं बोट

तीर्थरूप बाबांना,
हांगचौहून लियेनशिनचा नमस्कार.

मी बरी आहे. खोलीत गारठा आहे, पण आईने दिलेली रजई पुरते. तुमचा खोकला थांबला का? अभ्यासासाठी काढून घेतलेले आमचे फोन अजून चित्रकलेच्या शिकवणीतल्या छ्यू सरांच्या कपाटात आहेत, म्हणून पत्र लिहिते.

काल कला महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा झाली. वर्षभर आम्ही समोर माणूस बसवून चित्रं काढली; काल समोर कोणीच नव्हतं. प्रश्न होता: ‘वडील. कमरेपर्यंतची आकृती. दोन्ही हात दिसावेत.’

चेहरा लवकर जमला, उजवा हातही. डाव्या हाताला मात्र आपोआप चारच बोटं आली. लाकडाच्या गिरणीतल्या अपघातानंतर मी तो हात तसाच पाहत आले आहे.

सरावात एकदा मी तुमचा हात असाच काढला, तेव्हा छ्यू सर सगळ्यांसमोर ओरडले होते, “परीक्षक एका चित्राला पाच सेकंद देतात, बाईसाहेब! म्हणतील, हिला बोटं मोजतासुद्धा येत नाहीत.”

दहा मिनिटं उरली होती. यंदाही नापास होऊन घरी यायची मला भीती वाटली. मी खोडून मधल्या बोटाला जागा केली. पण तुमचं ते बोट कसं होतं, हे मला आठवेना. शेवटी स्वतःचा डावा हात समोर धरला आणि त्याचं मधलं बोट बघून चित्रात काढलं.

निकाल महिन्याभराने लागेल. चित्र परत मिळत नाही. आईला यातलं काही सांगू नका.

बाबा, ते बोट तुमच्या हाताला जरा बारीक पडलं आहे.

तुमची,
लियेनशिन